खड्ड्याची चावी

रविवार, १९ जून २०१६

कुस्वाती,

फाडायचंच असेल तर वाचून झाल्यावर फाड. माझा नंबर दिसला की तू फोन कापतेस, म्हणून रातेमकाकूंच्या तास्रियाहकडून तुझा ताइचुंगचा पत्ता घेतला आणि दुकानातून वही आणली. अक्षर लागलं नाही तर बापाला बोल. मला तिसरीतून काढून टोफूच्या भट्टीपुढे बसवलं ते त्याने, आणि तुला नववीपर्यंत शिकवलं तेही त्यानेच.

तुझा निरोप पोचला. तीन वर्षं तोंड बंद, आणि आता निरोप, तोही दुसरीच्या तोंडून. डिसेंबरात तुझा तिथल्या नोकरीचा करार संपतो. नदीकडची तुझी जागा मोकळी मिळाली तर घर बांधून कायमची येशील, नाही मिळाली तर आणखी तीन वर्षांची सही करशील. तास्रियाहने हे फोनवर स्वतःच्या आईला सांगितलं आणि रातेमकाकूंनी अख्ख्या गल्लीला. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीतच आहे. रोजा सोडायच्या वेळेपर्यंत सात जणींनी मला विचारलं, "काय गं सालियेम, बहिणीची जागा सोडतेस की नाही?" जसं काय मी तिथे बकरी बांधली आहे, दोरी सोडली की झालं.

बकरी नाही, खड्डा आहे. तू २०१३ ला आलीस तेव्हा वरचा सिमेंटचा घुमट तेवढा बघितलास आणि नाक दाबलंस. आत काय चालतं ते विचारलंही नाहीस. आता ऐक. गल्लीत एकोणीस घरं टोफू करतात. टोफू दाबला की त्यातून पिवळं कोमट पाणी निघतं, घरटी पंचवीस-तीस बादल्या रोज. पूर्वी ते नदीत जायचं. आठवतंय ना, नदी तांदळाच्या धुवणासारखी पांढरी असायची, खालच्या वस्तीची भातरोपं पिवळी पडायची, आणि शाळेतल्या मुली तुला 'आंबट पोरगी' म्हणायच्या? आता ते पाणी जमिनीखालच्या नळाने खड्ड्यात जातं, तिथे कुजतं, त्याचा गॅस होतो आणि तो गॅस एकतीस घरांच्या चुलीत येतो. उरलेलं पाणी नदीत जातं ते वास न मारता. पाणी उताराकडे जातं, कुस्वाती. गल्लीतली सगळ्यांत खालची जागा बापाने तुझ्या नावावर ठेवली. उतार मी केलेला नाही.

आणि मी इथे मजेत आहे असं वाटतं का तुला? चावी माझ्याकडे असते. घुमटाशेजारच्या खोलीत भिंतीवर काचेची नळी आहे, तिच्यात लाल पाणी. ते किती चढलं ते बघायचं आणि चाक फिरवून गॅस सोडायचा. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा. पाच मिनिटं उशीर झाला की कुंपणापलीकडून ओरडा, "सालियेम, मेलीस का! माझा भात अर्धा कच्चा राहिलाय!" नळ तुंबला, सालियेम. वास आला, सालियेम. सात वर्षांत मी एक रात्र गावाबाहेर राहिलेली नाही. नवरा मेला तेव्हा त्याला पुरून आले आणि हात धुऊन चाक फिरवायला गेले, कारण मयताला आलेल्या लोकांचा चहा व्हायचा होता.

जागा दिल्याच्या कागदाचं म्हणशील तर तो सगळ्यांसमोर झाला. तू कधी नको म्हणाली नव्हतीस.

ईदला ये. धाकटीने यायचं असतं. मी थोरली, मी कशी येऊ तुझ्याकडे? ही रीत काही मी पाडली नाही. आणि त्या डिसेंबरच्या सहीची घाई करू नकोस.

सालियेम

गुरुवार, १४ जुलै २०१६

कुस्वाती,

ईद झाली. तू आली नाहीस. तास्रियाह आली, उद्या परत निघतेय. तिच्याबरोबर हे पत्र आणि सोयाबीनच्या टेम्पेच्या तळलेल्या चकत्या देते. आधी चकत्या खा, मग रागाव.

तीन दिवस मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. गल्लीतल्या सुना, भाचे, धाकटे दीर सगळे येऊन माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून गेले, आतून-बाहेरून माफ करा म्हणून गेले. मी सगळ्यांना माफ केलं. कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही. चौथ्या दिवशी खुर्ची उचलून आत ठेवली.

दुसरी बातमी. खड्डा मेला.

ईदचा आठवडा भट्ट्या बंद असतात. सोमवारी परत सुरू झाल्या आणि सकाळी चुलीत नुसतं फुस्स. वारा येतो, पेटत नाही. काडी धरली की काडीच विझते. घटकाभरात दारात बारा बायका, हातात पातेली. एक म्हणाली, "सालियेम, ही कसली ईदी दिलीस?" मी म्हटलं, "मी काय खड्ड्यात बसून फुंकर घालते?" मग यानुआरला फोन केला. शहरातल्या कचेरीचा माणूस, हा खड्डा त्यानेच बांधून दिला. मोटारसायकलवर आला, नळाशी वाकून कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लालभडक. म्हणाला, "मावशी, याला इतकं आंबट कुणी पाजलं?"

तिकडे राहून तू विसरली असशील. सोयाबीनचं दूध फाडायला आपण कालचंच पाणी पिंपात मुरवून आंबवतो आणि विरजणासारखं घालतो. ईदच्या आधी सगळे पिंपं घासतात. एक डबा विरजण ठेवायचं, बाकी आंबट पाणी गटारात. ते सगळं एकदम खड्ड्यात गेलं तर आतले जीव मरतात, आणि ते मेले की गॅस पेटत नाही. म्हणून दर वर्षी मी खोलीच्या दाराला यादी लावते. आज हे घर, उद्या ते घर, असं दहा दिवस. यंदा एकोणीस घरांनी एका दिवसात ओतलं, दुपारच्या नमाजाच्या आत. सगळ्यांत आधी रातेमकाकूंनी, त्यांची दोन मोठी पिंपं. त्यांचं बघून बाकीच्यांनी.

यादी मी लावली होती. वाऱ्याने गेली असेल, नाहीतर कुणी फाडली असेल. मला काय माहीत.

यानुआर म्हणतो, चुना घालावा लागेल आणि जनावराचं ताजं शेण, ढिगाने. गल्लीत आता गुरं कुणाकडे आहेत? सगळ्यांकडे मोटारसायकली. मी त्याला म्हटलं, बघू.

सालियेम

रविवार, २१ ऑगस्ट २०१६

कुस्वाती,

तुझं पत्र आलं. पाकीट केवढं मोठं आणि आत चार शब्द. 'माझ्या नावापुढचा अंगठा कुणाचा?'

माझा. उजवा.

डावा मी माझ्या नावापुढे लावला होता. मला सही येते, वेळ लागतो पण येते. तुझी मात्र आली नसती, तुझ्या त्या वेलबुट्टीच्या अक्षरात. म्हणून दोन्हीकडे अंगठे. गावच्या कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "धाकटी कुठाय?" मी म्हटलं, "बाहेर गाडीत बसलीय, उलट्या करतेय. शाई इकडे द्या." कागद आणि शाई घेऊन बाहेर गेले, दाराआड उजवा टेकवला आणि परत आले. अक्षरासाठी शाळेत बक्षीस घेतलेली मुलगी अंगठा कशाला लावेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चार वर्षांनी तू त्याच कचेरीत तो कागद बघितलास आणि दुसऱ्या दिवशी बस धरलीस. मला वाटलं होतं घरी येऊन ओरडशील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तू ओरडलीच नाहीस, मग त्या उत्तराचं मी काय करू?

का विचारलं नाही म्हणशील. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. सगळी गल्ली माझ्या अंगणात उभी होती, यानुआर नकाशा पसरून बसला होता, आणि नकाशातले सगळे बाण तुझ्या जागेकडे. तू समुद्राच्या पलीकडे, मी अंगणात. एवढंच.

आता तुला हवी ती बातमी. यानुआरच्या कचेरीचं पत्र आलंय. सप्टेंबरअखेर खड्डा पेटला नाही तर ते त्याचं नाव काढून टाकणार, घुमट फोडून भराव घालणार. जागा तुझी, मोकळी, डिसेंबरच्या आत. मला काही करायचं नाही. हात मांडीवर ठेवून पाच आठवडे बसायचं. खोलीला कुलूप लावलंय. पहाटे उठायचं कारण नाही, तरी डोळा उघडतो. मग अंथरुणात पडून ऐकत बसते, कुणी ओरडतंय का. कुणी ओरडत नाही.

गल्लीत परत लाकडं आली. भिंती काळ्या व्हायला लागल्या. नळ तुंबला म्हणून यानुआरने खड्ड्याच्या अलीकडे पाणी तोडून दिलं, ते सरळ नदीत जातं. नदी परत तशीच पांढरी झालीय. खालच्या वस्तीचे दोघे काल दारात येऊन उभे राहिले. भांडले नाहीत. पिवळं पडलेलं एक भाताचं रोप उंबऱ्यावर ठेवलं आणि गेले.

मागच्या आठवड्यात सभा झाली. कुणी ओतलं, कुणी आधी ओतलं, सगळी बोटं रातेमकाकूंकडे. "दोन पिंपं, काकू! थोडी लाज?" असं आमचा मशिदीशेजारचा खड्या आवाजाचा सान्मुहिद म्हणाला, ज्याने स्वतःचं पिंप त्याच दिवशी ओतलं होतं. काकू उठल्या. म्हणाल्या, "चुकलं माझं." झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी काठी टेकत एकतीस घरी जाऊन माफी मागून आल्या. शेवटी माझ्याकडे आल्या. एवढी म्हातारी बाई, माझ्या गुडघ्याकडे वाकायला लागली. मी तिला धरून सरळ उभी केली आणि खेकसले, "कंबर गेलीय तुमची, वाकता कशाला?" ती हसली. म्हणाली, "तुझी खुर्ची कुठे गेली गं?"

तास्रियाहला सांग, तिच्या आईची लाकडं मी फोडून देते. रोज देते.

जागा मिळेल तुला. घर कसं हवं ते कागदावर काढायला घे. मग मला बरं का वाटत नाही, ते विचारू नकोस.

सालियेम

रविवार, २ ऑक्टोबर २०१६

कुस्वाती,

यादी मी लावलीच नव्हती.

लिहून ठेवली होती, गादीखाली होती, अजून आहे. ईदच्या दोन दिवस आधी रातेमकाकू दारात आल्या. "सालियेम, यंदा माझा दिवस कोणता? यादी दिसली नाही." मी भांडी घासत होते. मान वर न करता म्हटलं, "ओता आजच. काही होत नाही." यानुआरने पहिल्याच वर्षी बजावलं होतं, मावशी, सगळं आंबट एका दिवशी गेलं तर संपलं. तिसरीतलं मला काही आठवत नाही, पण हे आठवत होतं. ओता म्हणताना आठवत होतं.

तुझ्यासाठी केलं असं म्हणून ते तुझ्या गळ्यात बांधणार नाही. तुझा निरोप नुसतं निमित्त झाला. मला सुटायचं होतं. एखाद्या पहाटे कुणी माझं नाव घेऊन ओरडणार नाही, एवढंच हवं होतं. मी सोडते असं म्हणायची सोय नव्हती, कारण चावी घ्यायला कुणी पुढे येत नाही, सात वर्षांत आलेलं नाही. म्हणून मी खड्डाच मारला. आणि ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती हे माझं वाक्य दोन महिने तोंडात धरून बसली. सभेत बसली. एकतीस दारांत बसली. मी तिला लाकडं फोडून देत होते.

मोठ्या ईदच्या दिवशी मशिदीच्या अंगणात तीन बैल आणि नऊ बकरे कापले. दहा दिवस आधीपासून बांधलेले, शेणाचा ढीग हा एवढा. वाटे घ्यायला सगळी गल्ली उभी. सान्मुहिद नावं पुकारत होता. माझं नाव आलं तशी मी पुढे गेले आणि वाटा घ्यायच्या ऐवजी बोलले. मला भाषण येत नाही. म्हटलं, "यादी लावली नाही ती मी. काकूंना ओता म्हटलं तेही मी. मला माहीत होतं काय होणार ते."

सान्मुहिदच्या हातातली पिशवी तशीच लोंबत होती. मग मागून कुणीतरी, "आम्ही दोन महिने धूर खातोय, सालियेम!" आणि दुसरी, "माझ्या सुनेला मी किती बोलले, तिनं पिंप ओतलं म्हणून!" एकदम सगळ्या सुटल्या. मी उभी राहिले. निदान ओरडत तरी होत्या.

रातेमकाकू दगडावर बसल्या होत्या. काठी आपटली. "झालं का बोलून सगळ्यांचं? सालियेम, आता उभी काय राहिलीस थोबाड पाडून? बादली घे."

कसली बादली, मला कळेना. तिला कळलं होतं, म्हातारीला. बैलांच्या पोटातला तो हिरवा चोथा, जो दर वर्षी नदीत धुऊन टाकतात, आणि ते शेण. यानुआरने सांगितलेलं तिने दारातून ऐकलं होतं आणि दोन महिने मोठ्या ईदची वाट बघत बसली होती. बादल्या निघाल्या, घमेली निघाली, ज्यांनी मला शिव्या दिल्या त्यांनीच हातगाडी आणली. नव्या कपड्यांवर चोथा सांडत आम्ही अंधार पडेपर्यंत खड्ड्यात ओतलं. सान्मुहिद नाकाला रुमाल बांधून चुन्याची पोती आणत होता आणि दर खेपेला म्हणत होता, "ही घ्या ईदी." मी पोती उतरवून घेतली. त्याला तेवढा हक्क होता.

यानुआर दर तीन दिवसांनी पट्टी बुडवून जायचा. लाल, मग नारिंगी, मग पिवळी. गुरुवारी हिरवी झाली. कचेरीची मुदत संपायला एक दिवस. पहिली काडी काकूंच्या चुलीला लावली. बोटभर उंच, निळी ज्योत. काकू म्हणाल्या, "एवढीशी? माझा तर चहाही व्हायचा नाही यावर." आणि तिथेच जमिनीवर बसून डोळे पुसायला लागल्या. म्हणे धुरामुळे. धूर कुठे होता?

त्या संध्याकाळी मी चावी सगळ्यांसमोर ठेवली. म्हटलं, माझ्यावर भरवसा ठेवायचं काही कारण उरलेलं नाही, कुणीही घ्या. सगळ्यांनी चावीकडे बघितलं. एकानेही हात पुढे केला नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "शिक्षा हवीय ना तुला? मग चावी तुझ्याकडेच. मरेपर्यंत." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ उघडलं नाही. पहाटे कुंपणापलीकडून आवाज आला, "सालियेम, मेलीस का!" गेले.

तर कुस्वाती, ती जागा तुला मोकळी मिळणार नाही. मी असेपर्यंत नाही आणि बहुतेक नंतरही नाही. मी ती तुझ्याकडून चोरली आणि आता परत करता येत नाही. म्हणून माझी घे. रस्त्याकडचं बापाचं घर, भट्टी, विहीर, पुढचं अंगण, सगळं तुझ्या नावावर. खालची खड्ड्याची जागा माझ्या नावावर. मी काचेच्या नळीच्या खोलीत राहीन, नाहीतरी दिवस तिथेच जातो. भिंत कोरडी आहे, एक खाट मावते. पावसात वास येतो, पण मला तो आता कळत नाही.

तुझ्या स्वयंपाकघरात नवी नळी टाकली आहे. आधी काडी पेटवायची, मग बटण फिरवायचं. उलटं करू नकोस, भुवया जातील. आलीस तर. तीन वर्षांची सही केलीस तर घर बंद ठेवीन, भाडेकरू घालणार नाही.

थोरलीने धाकटीची माफी मागायची रीत नाही. मी मागते. आतून-बाहेरून. गुडघ्यावर डोकं टेकायला यावंसं वाटतं, पण ताइचुंगला यायचं तर संध्याकाळी चाक कोण फिरवणार?

काल गावच्या कचेरीत जाऊन कागद केला. माझ्या नावापुढे सही केली, अक्षर अक्षर करून, कारकून तोवर जांभया देत होता. सात वर्षांपूर्वीचाच कारकून. तुझ्या नावापुढची जागा कोरी आहे. त्याने ती बघितली, शाईचा डबा माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाला, "धाकटी परत गाडीतच बसलीय का, मावशी?"

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

सालियेम